शौचालय कुणाचं, वापरतं कोण? योजनांच्या मूल्यमापनात समाजशास्त्र वापरायचं कसं

समजा, तुम्ही समाजशास्त्रात एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. करून एखाद्या संस्थेत नुकतेच लागलात. महिनाही झाला नाही तोच वरून निरोप येतो, ‘शौचालयाच्या प्रोजेक्टचं मूल्यमापन करायचंय. चाळीस गावं. फॉर्म तयार करा, पोरं गोळा करा, महिन्यात डेटा द्या.’ तुम्ही जुना फॉर्म उघडता. पहिला प्रश्न: घरात शौचालय आहे का? हो/नाही. दुसरा प्रश्न: वापरता का? हो/नाही.

जरा थांबा. या दोन प्रश्नांच्या मध्ये बरंच काही राहून गेलंय, आणि तुमचं शिक्षण नेमकं तिथेच कामाला येणार आहे.

उदाहरण मी मुद्दाम शौचालयाचं घेतलंय. महाराष्ट्रात २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं तेव्हापासून या विषयावर इतके फॉर्म भरले गेलेत की गावकऱ्यांना आता प्रश्नांच्या आधी उत्तरं पाठ असतात. शिवाय जात, बाईपण, म्हातारपण, इभ्रत, सरकारची धास्ती हे सगळं त्या चार बाय चारच्या खोलीत एकत्र सापडतं. (‘तू करतेस काय?’ असं कुणी विचारलं की मी बरीच वर्षं ‘संडास मोजते’ असं सांगायचे. घरच्यांना ते कधी आवडलं नाही.) तुमचा प्रोजेक्ट बचत गटाचा असेल, शेततळ्याचा असेल किंवा मुलींच्या शाळागळतीचा असेल, तरी पायऱ्या साधारण ह्याच राहतात.

हे काम आपल्याकडे नवं नाही. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष फायदा किती झाला, हे पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी तपासलं. तो अहवाल १९४८चा. ऑक्टोबर १९५२ मध्ये देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच महिन्यात तो तपासण्यासाठी नियोजन आयोगाने कार्यक्रम मूल्यमापन संघटना उभी केली. तिचे पहिले संचालक द. गो. कर्वे. गाडगीळ आणि कर्वे दोघेही अर्थशास्त्रज्ञ, आणि आजही मूल्यमापनाच्या टीमचं नेतृत्व बहुधा अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्रवाल्याकडेच असतं. त्यात वाईट काही नाही. पण ‘किती’ हा प्रश्न त्यांनी सांभाळला तर ‘कुणाचं, कुणाच्या परवानगीने आणि कुणाच्या जिवावर’ हे प्रश्न तुम्हाला सांभाळावे लागतील. तुम्ही ते विचारले नाहीत तर टीममध्ये दुसरं कुणी विचारणार नाही.

पहिली पायरी: योजनेच्या पोटातला समज कागदावर काढा

फॉर्मला हात लावण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि योजना नेमकं काय गृहीत धरते ते साखळीसारखं लिहा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ कॅरल वाइस यांचा आग्रह हाच होता: योजना तपासायची तर आधी तिच्यामागची समजूत उघड करा. आपली साखळी अशी होईल. सरकार १२,००० रुपये प्रोत्साहन अनुदान देतं. कुटुंब शौचालय बांधतं. घरातले सगळे ते वापरतात. मैला उघड्यावर पडत नाही. लहान मुलांचे जुलाब कमी होतात.

आता प्रत्येक कडीवर बोट ठेवून विचारा, ‘इथे कुणी काय करायला हवं, आणि ते करताना त्याच्या नात्यागोत्यात काय बिघडतं?’ निम्मं मूल्यमापन या एका बैठकीत होतं, असा माझा अनुभव आहे.

‘घरातले सगळे वापरतात’ ही कडी बघा. सरकारी आराखड्यात दोन शोषखड्डे असतात. एक भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा. पहिल्यातल्याचं यथावकाश खत होतं, मग तो उपसायचा. कुणी उपसायचा? आराखड्यातलं उत्तर आहे, घरमालकाने. गावाच्या मनातलं उत्तर मात्र एका जातीचं नाव असतं. त्या जातीतल्या लोकांना ते काम आता करायचं नाही, आणि त्यांनी ते का करावं? मग खड्डा भरूच नये म्हणून घरातली गडीमाणसं टमरेल घेऊन रानात जातात आणि शौचालय उरतं बायकांना, म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना. २०१४ साली उत्तर भारतातल्या पाच राज्यांत राइस या संशोधन संस्थेने सर्वेक्षण केलं. चालू शौचालय असलेल्या ४० टक्क्यांहून जास्त घरांत निदान एक माणूस उघड्यावर जात होता. खड्डा आणि विटाळ यांचं हे गणित त्याच संशोधकांनी मांडलं. सिमेंटचा दर्जा कितीही तपासला असता तरी ते हाती लागलं नसतं.

दुसरं उदाहरण बांगलादेशाचं. तिथे १९९५ साली एक मोठा पोषण प्रकल्प सुरू झाला. तमिळनाडूतल्या यशस्वी प्रकल्पाची ती बरीचशी नक्कल होती. आयांना आहाराचं शिक्षण द्यायचं, मग मुलांचं खाणं सुधारेल, अशी साखळी. शिक्षण दिलं गेलं, आयांना ते समजलंही. पण बऱ्याच घरांत सुनेच्या ताटात काय पडणार हे सासू ठरवत होती आणि बाजारहाट पुरुष करत होते. जिच्याकडे माहिती होती तिच्याकडे अधिकार नव्हता. जागतिक बँकेच्या मूल्यमापनात हे पुढे आलं तेव्हा कित्येकांना तो मोठा शोध वाटला. आपल्याकडच्या कुठल्याही सुनेने तो चहाच्या एका कपावर फुकट सांगितला असता.

दुसरी पायरी: सरपंचाचा चहा घ्या, पण तिथून पुढे एकटे फिरा

गावात गेलात की सरपंचाकडे किंवा पोलीस पाटलाकडे चहा होतोच. घ्या. नाही म्हणणं हा अपमान आहे, आणि त्या घरात गावाचा अर्धा इतिहास कळतो. पण चहानंतर तुमच्यासोबत कोण निघतं तिकडे लक्ष ठेवा. ग्रामपंचायतीचा शिपाई ‘चला, दाखवतो’ म्हणाला की तो तुम्हाला चार चांगली घरं दाखवणार, आणि त्याच्यादेखत कुणी पंचायतीविरुद्ध शब्द काढणार नाही.

विकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ साली पाहुण्यांच्या या सवयींची चांगलीच झाडाझडती घेतली. बाहेरून आलेला माणूस डांबरी रस्त्याच्या कडेचं बघतो, कोरड्या दिवसांत येतो, पुरुषांशी बोलतो, जिथे प्रकल्प चालू आहे तिथेच जातो आणि ‘गाव बघितलं’ म्हणून परततो. आपल्याकडे त्यात एक भर घालायला हवी: तो गावठाणात थांबतो. वाड्या, तांडे, पारध्यांचे बेडे, नाल्यापलीकडची वस्ती, वीटभट्टीवरची पालं, हे सगळं कागदोपत्री त्याच गावात मोडतं, पण तिथवर गाडी जात नाही.

म्हणून पहिला दिवस फॉर्मशिवाय काढा. शिवारफेरी करा. मग गावाचा नकाशा तीन जणांकडून जमिनीवर काढून घ्या: एकदा पारावरच्या पुरुषांकडून, एकदा हापशावरच्या बायकांकडून, एकदा दलित वस्तीतल्या पोरांकडून. तिन्ही नकाशे शेजारी ठेवा. पारावरच्या नकाशात एखादी वस्ती हमखास गळालेली असते, आणि गाळणाऱ्याने ते मुद्दाम केलेलं नसतं. त्याच्या डोळ्यांसमोर ती येतच नाही.

त्यानंतर लाभार्थ्यांची यादी, मतदार यादी आणि तुमचा नकाशा एकत्र लावा. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५०च्या दशकात मांडलेली ‘प्रबळ जाती’ची कल्पना कॉलेजात परीक्षेपुरती वाचली असेल, ती इथे हत्यार म्हणून वापरा. जमीन कुणाकडे, संख्या कुणाची, सोसायटी-पंचायतीत खुर्ची कुणाकडे, आणि यादीतली पहिली वीस नावं कुठल्या आळीतली? प्रत्येक वेळी घोटाळाच निघेल असं नाही. कित्येकदा कारण साधंच असतं. आधी स्वतःचे पैसे घालून बांधायचं आणि मग अनुदान घ्यायचं, असा हिशोब असला की ज्याच्याकडे हाताशी पैसे आहेत तो पुढे जातो. ज्याच्या नावावर घराची जागाच नाही तो अर्जही करत नाही. नियम सगळ्यांना सारखा असतो, गाव तसं नसतं.

नमुना निवडताना वस्तीनिहाय घरं घ्या. पाच टक्के घरं तांड्यावर असतील आणि तुम्ही चाळीस घरं चिठ्ठ्या टाकून निवडलीत, तर तांड्याची दोन घरं येतील आणि त्यांच्याविषयी काहीच बोलता येणार नाही. तिथली घरं जास्त घ्या आणि गावाची बेरीज करताना त्यांचं वजन त्या प्रमाणात कमी करा. आणि दाराला कुलूप दिसलं तर शेजारचं घर घेऊन मोकळे होऊ नका. कुलूप का आहे ते विचारा, लिहा. कुलूप हीही माहिती आहे.

तिसरी पायरी: पंचांग बघून जा

कुलपाचीच गोष्ट पुढे नेते. बीड जिल्ह्यातल्या कित्येक गावांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’, म्हणजे तोडणीची एक जोडी. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्याच्या आसपास कोप्या टाकून राहायचं आणि मार्च-एप्रिलकडे परतायचं. निधी देणाऱ्यांचं आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपतं, म्हणून आपली एंडलाइन, म्हणजे प्रोजेक्ट संपतानाची पाहणी, जानेवारी-फेब्रुवारीत लागते. म्हणजे अख्खी कर्ती पिढी गावाबाहेर असताना आपण ‘घरात कोण कोण शौचालय वापरतं’ असं विचारत फिरतो. उत्तर देतात म्हातारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवलेली नातवंडं. म्हातारी माणसं तर शौचालय वापरणाऱ्यांत आघाडीवर. तक्ता झकास दिसतो.

एका तालुक्यात मी हेच केलं. मला कुणी फसवलं नव्हतं, मीच तारखा ठरवल्या होत्या. मे महिन्यात पुन्हा त्याच घरांत गेले तेव्हा आकडा इतका खाली आला की आधी मला फॉर्म भरणाऱ्या माझ्या टीममधल्या मुलांचीच शंका आली. मग एका बाईने सहज सांगितलं, ‘सहा महिनं फडावर उघड्यावरच जातो की ताई, मग हितं आल्यावर कोंडल्यावानी होतं.’ योजनेचा लाभार्थी वर्षाचा निम्मा काळ जिथे राहतो तिथे योजनाच पोचलेली नाही. हे वाक्य अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवं होतं. माझ्या जानेवारीच्या अहवालात ते कुठेच नव्हतं.

तेव्हा तारीख ठरवण्याआधी गावाचं कॅलेंडर काढा: पेरणी, काढणी, स्थलांतर, जत्रा, लग्नसराई, पाणीटंचाईचे महिने. निवडणूक लागली असेल तर काम सरळ पुढे ढकला.

चौथी पायरी: ‘घर’ नावाचा माणूस नसतो

प्रश्नावलीतली सगळ्यात जुनी खोड म्हणजे घराला प्रश्न विचारणं. ‘तुमच्या घरी शौचालय वापरता का?’ या प्रश्नाला कुटुंबप्रमुख ‘हो’ म्हणतो, आणि त्या ‘हो’मध्ये कोण कोण आहे हे कुणालाच कळत नाही. घरातल्या प्रत्येक माणसाची ओळ पाडा. नाव नको; वय, नातं, स्त्री की पुरुष एवढं पुरे. प्रत्येकाविषयी वेगळं विचारा, आणि शक्य असेल तिथे त्या माणसालाच विचारा.

शब्द सांभाळा. ‘उघड्यावर शौचास जाता का’ हा छापील सरकारी प्रश्न आरोपासारखा ऐकू येतो. त्यातून महाराष्ट्रात ‘गुड मॉर्निंग पथकं’ फिरली आहेत. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्यांना अडवायचं, गुलाबाचं फूल द्यायचं, प्रसंगी दंड करायचा. ज्या गावाने ते पाहिलंय तिथे हातात कागद घेतलेला प्रत्येक परका माणूस पथकातलाच वाटतो. मला जमलेला प्रश्न असा: ‘काही जण घरच्यात जातात, काही जण रानात जातात, पावसापाण्याचं बदलतंही. तुमचं आज सकाळी कसं झालं?’ दोन्ही गोष्टी सारख्याच साध्या सुरात म्हणायच्या. ‘नेहमी’ आणि ‘सहसा’ टाळून ‘आज’, ‘काल’ विचारायचं. शब्द गावचा वापरायचा, परसाकडे म्हणत असतील तर परसाकडे. फॉर्म छापण्याआधी गावातल्याच दोघांना वाचून दाखवा. ते हसले तर कुठे हसले ते लिहून ठेवा.

पाचवी पायरी: उत्तर कुणासमोर दिलं जातंय ते लिहा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण प्रशिक्षणांत हिच्यासाठी अर्धा तासही ठेवत नाहीत.

ओटीवर सासूबाई बसल्या आहेत, सून दाराआड उभी.

‘आजी, घरात कोण कोण वापरतं?’

‘समदे वापरतो की. ल्ह्या तुम्ही.’

सून काही बोलत नाही. तासाभराने तीच हापशावर भेटते आणि घागर भरता भरता विचारते, ‘ताई, समद्यांनी वापरलं तर पाणी कोण आणंल?’

घरात नळ नसेल तर एका माणसामागे दिवसाला निदान एक बादली वाढते. सहा माणसांच्या सहा बादल्या, त्या आणणारी एक. ‘माताभगिनींच्या सन्मानासाठी’ असं रंगवलेल्या भिंतीमागे सुनेच्या डोक्यावर आणखी एक खेप चढते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३६ साली हेतुपूर्वक केलेल्या सामाजिक कृतीच्या अनपेक्षित परिणामांविषयी लिहिलं, ते वाचायला जड जातं; हापशावर लगेच कळतं. आणि हे उत्तर ओटीवर मिळालंच नसतं. त्यात सुनेचा खोटेपणा नाही. सासूसमोर सून देते ते उत्तर त्या नात्यातलं असतं, आपण ते तिचं मत समजून कोड टाकतो.

म्हणून फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात एक रकाना ठेवा: मुलाखतीच्या वेळी आणखी कोण हजर होतं? सासू, नवरा, आशाताई, ग्रामसेवक, शेजारी. विश्लेषणात हा रकाना सोन्यासारखा उपयोगी पडतो. बायकांच्या मुलाखतींना बायकाच पाठवा. एका जातीच्या वस्तीत दुसऱ्या जातीचा मुलाखतकार गेला की काय बदलतं तेही बघा. पाणी दिलं तर प्या. तुम्ही पाणी पिता की बाटली काढता, एवढ्यावर कित्येकदा पुढची मुलाखत ठरते. गटचर्चा घेणार असाल तर सासवांची वेगळी, सुनांची वेगळी. एकत्र घेतलीत तर सासवांची चर्चा होईल आणि सुना तिच्या श्रोत्या होतील.

भिडेपोटी दिलेल्या उत्तराचा सर्वांत नावाजलेला दाखला पंजाबातला आहे. १९५०च्या दशकात खन्ना भागात हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी संततिनियमनाचा मोठा अभ्यास केला. घरोघर गोळ्या वाटल्या, लोकांनी त्या घेतल्याही. पण जन्मदर म्हणावा तसा हलला नाही. पुढे महमूद ममदानी हे अभ्यासक त्यातल्या मनुपूर गावी जाऊन राहिले तेव्हा कळलं, दारी आलेल्या भल्या माणसांना नाही कसं म्हणायचं म्हणून बरेच लोक गोळ्या घेत आणि ठेवून देत. एकाने तर गोळ्यांच्या रिकाम्या डब्या एकावर एक रचून घरात शोभेची वस्तू केली होती. गोळ्या न वापरण्यामागे अडाणीपणा नव्हता. शेतावर राबायला हात लागत, म्हातारपणी आधार लागे. जास्त मुलं हा त्यांच्या परिस्थितीतला सरळ हिशोब होता. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘वाटप’ हा निर्देशक शंभर टक्के हिरवा आणि योजना बसलेली.

सहावी पायरी: डोळे उघडे ठेवा

शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवर गवत आहे की वाट मळलेली आहे? भांडं ओलं की कोरडं? आत बादली, मग, साबणाचा तुकडा आहे, की गोवऱ्या, कडबा, सायकल? दाराला आतून कडी आहे का? कडी नसेल तर तरुण मुली ते दिवसा वापरत नाहीत. निरीक्षणाचा तक्ता मुलाखतीपासून वेगळा ठेवा, आणि दोन्ही वेगवेगळ्या माणसांनी एकमेकांचं न बघता भरावेत. परवानगी घेतल्याशिवाय दार उघडू नका. फोटोही काढू नका. फोटोला गाव कंटाळलंय.

सातवी पायरी: योजना नसती तर काय झालं असतं?

हा प्रश्न संख्याशास्त्राचा मानतात, पण त्यात आपलंही काम आहे. जलयुक्त शिवारचं बघा. डिसेंबर २०१४ मध्ये अभियान सुरू झालं. लागोपाठ दोन वर्षं दुष्काळ पडला, एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आणि त्याच वर्षीचा पावसाळा मराठवाड्यात दणकून झाला. त्या दिवाळीत विहिरी भरलेल्या बघून कुणीही म्हणेल, योजना यशस्वी! पावसाचं श्रेय वजा केल्याशिवाय ते म्हणता येत नाही. पुढे २०२० मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्चूनही भूजल वाढवण्यात अभियानाचा फारसा परिणाम दिसला नाही, असं त्यात म्हटलं.

तुलनेसाठी योजना नसलेली गावं घ्यायची, इथवर संख्याशास्त्रवाला सांगेल. त्याला न दिसणारी गोष्ट अशी की, योजना मागून घेणारं गाव आणि न मागणारं गाव मुळात सारखी नसतात. हिवरे बाजार आदर्श झालं ते नुसत्या बंधाऱ्यांवर नाही. १९८९ पासून पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने पाणी कुणी किती उपसायचं याचे नियम घातले आणि ते पाळले. तिथला बंधारा उचलून भावकीच्या भांडणात अडकलेल्या गावात ठेवला तर तो फक्त बंधारा राहतो. म्हणून तुलनेचं गाव निवडताना पाऊस, जमीन, लोकसंख्या यांच्या जोडीला हेही तपासा: गेल्या पाच वर्षांत ग्रामसभा खरोखर भरली का, गट-तट किती, मागचं एखादं काम गावाने मिळून केलं का? ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रे पॉसन यांनी मूल्यमापनाचा प्रश्नच बदलून टाकला. योजना चालते का, असं विचारू नका. कुणासाठी, कुठल्या परिस्थितीत आणि कशामुळे चालते, ते विचारा.

आणि परिणाम दिसलाच नाही तर घाबरू नका. पीटर रॉसी या समाजशास्त्रज्ञाने १९८७ साली अर्धं गमतीत, अर्धं वैतागून ‘लोखंडी नियम’ सांगितला होता: कुठल्याही मोठ्या सामाजिक योजनेचा निव्वळ परिणाम शून्य निघेल अशीच अपेक्षा धरावी. वरिष्ठ रागावतील तेव्हा हे नाव उपयोगी पडतं.

आठवी पायरी: तयार आकड्याला कुणी जन्म दिला ते विचारा

कार्यालयातून तयार आकडे मिळतील. घ्या, पण तो आकडा भरणाऱ्या माणसाला भेटा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७०च्या दशकात सांगून ठेवलंय की, एखाद्या आकड्यावर जितके निर्णय टांगाल तितका तो आकडा वाकवण्याचा दाब वाढतो. ग्रामसेवकाला टार्गेट आहे, त्याच्या गटविकास अधिकाऱ्याला आहे, त्याच्यावरच्यालाही आहे. बांधकामाचा फोटो अपलोड झाला की रकाना भरतो. वापराचा फोटो काढता येत नाही. महाराष्ट्राचा ग्रामीण भाग एप्रिल २०१८ मध्ये आणि देशाचा २ ऑक्टोबर २०१९ रोजी हागणदारीमुक्त जाहीर झाला. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र देशातली १९ टक्के कुटुंबं कुठलंही शौचालय वापरत नसल्याचं नोंदलं गेलं. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ३९ टक्के होता. म्हणजे बदल खरा होता, मोठा होता, आणि घोषणेइतका पूर्ण नव्हता. तिन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात लिहायची हिंमत ठेवा. कामाची स्तुती करणाऱ्यांना पहिल्या दोन हव्या असतात आणि टीका करणाऱ्यांना फक्त तिसरी.

नववी पायरी: सरासरी फोडा, मग लिहा

‘७२ टक्के वापर’ असा एकच आकडा अहवालात कधी देऊ नका. तो वस्ती, जात, स्त्री-पुरुष, वय, जमीन, पाण्याचं अंतर यांनुसार फोडा. आणि एक प्रकरण हमखास ठेवा: योजनेमुळे कुणाचं नुकसान झालं? आपल्याकडे याची चांगली परंपरा आहे. कोयना धरणाचा हिशोब लोक मेगावॅटमध्ये मांडत होते तेव्हा इरावती कर्वे आणि जाई निंबकर धरणाने उठवलेल्या माणसांचा सर्वे करत होत्या. डेक्कन कॉलेजने तो १९६९ साली प्रसिद्ध केला. तुमच्या प्रोजेक्टमध्ये धरण नसेल, पण दंड भरलेला, रेशन अडवण्याची धमकी मिळालेला, शौचालयासाठी सावकाराकडून कर्ज काढलेला कुणी ना कुणी असेल. शोधा.

नावं झाकताना डोकं वापरा. ‘गावातील मातंग समाजातील एक विधवा अंगणवाडी सेविका’ असं लिहिलंत तर नाव न लिहिताही अख्ख्या तालुक्याला कळतं. जात, पद, वैवाहिक स्थिती यांपैकी त्या मुद्द्याला लागेल तेवढंच ठेवा. गाव बदला, गरज पडली तर दोन माणसांची माहिती एकत्र करा. ‘संमती घेतली’ असा शिक्का मारून हे भागत नाही, कारण अहवाल वाचणारा पहिला माणूस बहुधा त्याच बाईचा वरिष्ठ असतो.

दहावी पायरी: अहवाल गावात परत न्या, आणि दोनदा न्या

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया घेतल्या. हजेरीपटावरची नावं आणि खर्चाचे आकडे गावासमोर मोठ्याने वाचून दाखवायचे, एवढी साधी युक्ती. यादीत मेलेली माणसं मजुरी घेताना सापडली. पुढे २००५ च्या रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षण (सोशल ऑडिट) करायची तरतूदच आली. तुमच्या मूल्यमापनाला कायद्याची सक्ती नाही, तरी करा. तक्ते नकोत, दहा वाक्यं मराठीत, मोठ्या अक्षरात कागदावर. वाचून झाल्यावर विचारा, ‘यात चूक काय?’ चूक काय असं विचारलं की लोक बोलतात. बरोबर आहे का असं विचारलं की माना डोलावतात.

बैठक ठेवायला गाव हमखास मंदिराचा सभामंडप सुचवेल. तिथे घ्या, पण तिथे कोण आलं नाही याची मोजणी करा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून माणसं परतल्यावर वस्तीतल्या समाजमंदिरात तीच दहा वाक्यं पुन्हा वाचा. पहिल्या बैठकीतल्या दुरुस्त्या निळ्या शाईने लिहा, दुसऱ्या बैठकीतल्या लाल. एका गावात आमचं सातवं वाक्य होतं, ‘सार्वजनिक शौचालय सर्वांसाठी खुले आहे.’ सभामंडपात त्यावर कुणीच काही बोललं नाही. समाजमंदिरात मागे बसलेल्या एका आजीबाईंनी फक्त विचारलं, ‘चावी कुणाच्या घरी असती, ते ल्हिलं का?’